कांगडा खोरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्याबद्दल मराठी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रस्ते, गाड्या आणि परवानग्या यांची स्थिती मात्र निघण्याआधी ताजी बघून घ्यावी.

१. कांगडा म्हणजे धरमशालाच ना?

नाही. धरमशाला हे कांगडा जिल्ह्याचे मुख्यालय, आणि मॅक्लिओडगंज त्याचा वरचा भाग. खोरे त्याहून बरेच मोठे आहे. उत्तरेला धौलाधारची रांग, दक्षिणेला शिवालिकच्या बुटक्या टेकड्या आणि त्यांच्या बाजूने वाहणारी बियास, यांच्या मधला हा लांबट पट्टा. कांगडा शहर, पालमपूर, बैजनाथ, ज्वालामुखी, नगरोटा ही सगळी गावे त्यातलीच. फक्त मॅक्लिओडगंज बघून परतलेला माणूस खोरे न बघताच परततो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नावांच्या दोन फसगती आधीच सांगून ठेवतो. पालमपूर हिमाचलात आहे आणि पालनपूर गुजरातेत; आरक्षण करताना ही गल्लत होते. तसेच उत्तराखंडात बागेश्वरजवळ दुसरे बैजनाथ आहे. नकाशात शोधताना पुढे ‘कांगडा’ लिहावे.

२. उंची किती आहे? आईवडिलांना त्रास होईल का?

कांगडा शहर साधारण ७३० मीटरवर, पालमपूर १,२०० मीटरच्या आसपास, मॅक्लिओडगंज २,००० मीटरच्या थोडे वर. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे खोऱ्यातली बहुतेक गावे त्याच्याही खाली येतात. विरळ हवेचा त्रास या उंचीवर सहसा होत नाही. त्रास होतो तो पायऱ्यांचा आणि वळणांचा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, वळणे सुरू झाल्यावर नव्हे. ज्वालामुखीला बाजारातून चढण आहे. मॅक्लिओडगंजमध्ये सपाट रस्ता असा नाहीच. बैजनाथचे मंदिर मात्र रस्त्यालगत आहे, गुडघेदुखीवाल्यांनाही जमते.

३. डोंगर एवढा अंगावर आल्यासारखा का दिसतो?

कारण मधल्या पायऱ्याच नाहीत. इतरत्र हिमालय टप्प्याटप्प्याने चढतो. आधी टेकड्या, मग डोंगर, मग बर्फ. इथे पालमपूरच्या भातखाचरापलीकडे पंधरा-वीस किलोमीटरच्या आत जमीन साडेचार हजार मीटरच्या वर जाते. धौलाधारच्या पायथ्याशी भूकवचातली एक मोठी भेग आहे, आणि तिच्यावरून उत्तरेकडचे खडक दक्षिणेकडे रेटले गेले आहेत. त्या भिंतीचा खोऱ्यातल्या प्रत्येक गोष्टीशी संबंध आहे. पाऊस तीच अडवते, ओढ्यांतले घराएवढे धोंडे तिचेच, आणि भूकंपाचा धोकाही त्याच रेट्यामुळे.

४ एप्रिल १९०५ च्या पहाटे झालेल्या भूकंपाची तीव्रता ७.८ मानली जाते आणि त्यात वीस हजारांवर माणसे गेली. खोऱ्यातले कोणतेही जुने मंदिर बघताना ‘हे १९०५ च्या आधीचे की नंतरचे?’ हा प्रश्न विचारावा. अर्ध्या गोष्टी तिथेच उलगडतात.

४. कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वात उत्तम. हवा धुतलेली, भात कापणीला आलेला, धौलाधार दिवसभर स्वच्छ. दुसरी पसंती मार्च-एप्रिल. तेव्हा रांगेवर बर्फ भरपूर असते आणि खाली चहाची पहिली खुडणी सुरू होते. मे-जूनमध्ये खालच्या भागात चांगलाच उन्हाळा असतो आणि धुरकट हवेत डोंगर पुसट दिसतो. ‘हिमालयात मे महिन्यात थंडी असते’ या समजुतीने कांगडा शहरात स्वेटर घेऊन उतरणारे दरवर्षी भेटतात.

जुलै-ऑगस्ट टाळा. धरमशालाला वर्षाला जवळपास ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाइतका, आणि त्यातला बहुतेक याच दोन महिन्यांत. फरक एवढाच की कोकणात पाणी उतरते, इथे पाण्याबरोबर डोंगरही उतरतो (प्रश्न १६).

महिना कोणताही असो, डोंगर सकाळी बघावा. दुपारी ढग चढतात आणि संध्याकाळपर्यंत रांग गायब होते.

५. महाराष्ट्रातून कसं पोचायचं?

रेल्वेने पठाणकोटपर्यंत आणि तिथून रस्त्याने धरमशाला, सुमारे ९० किलोमीटर, हा जुना मार्ग. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पठाणकोट कँटोन्मेंटला थांबते. पठाणकोटला दोन स्थानके आहेत, जंक्शन आणि कँट. तिकिटावर कोणते आहे ते बघूनच गाडी ठरवा. दिल्लीहून रात्रीच्या बसगाड्याही भरपूर आहेत.

विमानतळ गग्गल येथे आहे आणि धरमशालापासून तासाभराच्याही आत येतो. धावपट्टी आखूड, विमाने लहान, आणि ढग आले की उड्डाण रद्द. परतीला दिल्लीचे जोडविमान त्याच दिवशी ठेवू नका. मध्ये किमान एक रात्र हवी.

६. ती छोटी रेल्वे चालू आहे का?

पठाणकोट ते जोगिंदरनगर हा १६४ किलोमीटरचा, २ फूट ६ इंच रुंदीचा मार्ग. शानन वीज प्रकल्पाचे सामान वर नेण्यासाठी तो १९२६ ते १९२९ दरम्यान बांधला. सिमल्याच्या गाडीसारखी गंमत इथे बोगद्यांत नाही. बोगदे फक्त दोन आहेत, पूल मात्र शेकड्यांनी, आणि खिडकीतून धौलाधार तासन्‌तास सोबत चालते.

ऑगस्ट २०२२ मध्ये पठाणकोटजवळ चक्की नदीवरचा पूल वाहून गेला आणि गाडीचे वेळापत्रक कोलमडले. पावसाळ्यात इतर टप्पेही बंद पडतात. म्हणून या गाडीवर प्रवासाची मदार ठेवू नका. चालू असेल तर कांगडा ते बैजनाथ या मधल्या टप्प्यात बसून घ्या.

दोन स्थानकनावे घोळ घालतात. ‘ज्वालामुखी रोड’ हे स्थानक देवळापासून वीसेक किलोमीटर दूर आहे. बैजनाथला ‘बैजनाथ पपरोला’ हे मोठे स्थानक आणि ‘बैजनाथ मंदिर’ हा छोटा थांबा. देवळाला जायचे तर दुसऱ्यावर उतरावे.

७. किती दिवस लागतात आणि मुक्काम कुठे करावा?

पाच रात्री पुरतात: दोन धरमशालात, तीन पालमपुरात. बहुतेक जण उलटे करतात आणि मॅक्लिओडगंजच्या वाहतुकीत दोन दिवस घालवतात. पालमपुरातून बैजनाथ १६ किलोमीटर, चामुंडा वीसेक, पॅराग्लायडिंगचे बीडही जवळच. धरमशालातून कांगडा किल्ला, मसरूरचे कोरीव मंदिर (प्रश्न १४) आणि दलाई लामांचे मंदिर होते. नकाशावर अंतर कमी दिसले तरी ताशी पंचवीस किलोमीटरच्या हिशेबाने वेळ धरा.

८. बैजनाथ म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांतलंच का? मग आपलं परळी?

सर्वाधिक येणारा प्रश्न. देव एकच, वैद्यनाथ. स्थाने तीन आणि तिन्हींचा दावा. महाराष्ट्रातली परंपरा ‘परल्यां वैद्यनाथं च’ हा पाठ धरून परळीला मानते. झारखंडातल्या देवघरची बाजू ‘चिताभूमौ’ या पाठावर उभी आहे. कांगड्याचे लोक आपल्या बैजनाथलाच ज्योतिर्लिंग म्हणतात आणि रावणाने कैलासाहून नेलेले लिंग इथे टेकले अशी कथा सांगतात. परळीची यात्रा झालेल्याने ‘खरे कोणते’ हा वाद तिथल्या पुजाऱ्याशी घालू नये. ‘आमच्याकडेही वैद्यनाथ आहे’ असे म्हटले की गप्पा छान रंगतात.

रावण शिवभक्त, म्हणून बैजनाथ गावात दसऱ्याला रावण जाळत नाहीत, हे खरे आहे. दसऱ्याच्या दिवशी पोचलात तर दहन शोधत फिरू नका.

९. बैजनाथच्या देवळात नेमकं काय बघायचं?

आधी शिलालेख. मंडपाच्या भिंतीत शारदा लिपीतल्या दोन शिळा आहेत. आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी १२०४ मध्ये हे मंदिर उभारल्याचे त्यांतून कळते. गावाचे जुने नाव कीरग्राम. राजाने नव्हे, वाण्यांनी बांधलेले एवढे मोठे देऊळ आणि त्याची दगडात लिहिलेली पावती, हे विरळाच. तरी दहापैकी नऊ जण त्या शिळांपुढून दर्शनाच्या घाईत निघून जातात.

मग बाहेरून एक प्रदक्षिणा: वक्राकार नागर शिखर, मंडपाच्या बाजूंचे सज्जे, कोनाड्यांतल्या मूर्ती. मागे खाली बिनवा नदी. १९०५ च्या भूकंपात हे मंदिर थोडक्या नुकसानीवर बचावले, त्यामुळे तेराव्या शतकाचा मूळ बांध बराचसा दिसतो. शिखराचा फोटो सकाळच्या उन्हात चांगला येतो. गाभाऱ्यात कॅमेरा काढू नये.

१०. श्रावणी सोमवारी बैजनाथला जायचंय. तारखा आपल्याच ना?

नाहीत, आणि इथे बरेच फसतात. आपला श्रावण आषाढी अमावास्येनंतर लागतो. हिमाचलात सावनाचे सोमवार संक्रांतीपासून मोजतात, म्हणजे साधारण १६ जुलैपासून. आपल्याकडे आषाढ चालू असतानाच तिथली गर्दी सुरू झालेली असते. महाशिवरात्रीला हा घोळ नाही, दिवस तोच.

११. ज्वालामुखी, ब्रजेश्वरी आणि चामुंडा एका दिवसात होतात का?

साध्या दिवशी होतात. पहाटे ज्वालामुखी, दुपारपर्यंत कांगड्यातली ब्रजेश्वरी, संध्याकाळच्या आरतीला बाणेर नदीकाठची चामुंडा, असा क्रम ठेवा. चिंतपूर्णी यात कोंबू नका. ती उना जिल्ह्यात, विरुद्ध दिशेला आहे. दोन्ही नवरात्रांत आणि श्रावण शुद्ध अष्टमीच्या जत्रेत मात्र एका दिवशी एकच देऊळ धरावे. त्या दिवसांत पंजाबातून जथेच्या जथे येतात आणि रांग तासांत मोजावी लागते.

ब्रजेश्वरीचे आजचे मंदिर १९०५ नंतरचे आहे. जुन्या मंदिराच्या संपत्तीसाठी गझनीच्या महमूदाने १००९ मध्ये नगरकोट, म्हणजे आजचे कांगडा, लुटले होते.

१२. ज्वालामुखीची ज्योत तेलाशिवाय कशी जळते?

खडकाच्या फटींतून नैसर्गिक वायू झिरपतो आणि तो पेटता ठेवला जातो. मूर्ती नाहीच, ज्योत हीच देवी. नऊ ज्योती नऊ नावांनी पूजल्या जातात. वायू आहे म्हणजे खाली साठा असेल, या तर्काने तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने १९५७ मध्ये याच भागात आपली पहिली विहीर खोदली. हे ऐकून तिथल्या भाविकांची श्रद्धा कमी झालेली दिसत नाही. घुमटावरचा सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंगांनी चढवलेला. अकबराने ज्योत विझवण्याचा प्रयत्न केला आणि मग सोन्याचे छत्र वाहिले ही आख्यायिका आहे, ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

१३. देवीला लोणी फासतात ते कधी बघायला मिळेल?

मकर संक्रांतीला, ब्रजेश्वरी मंदिरात. महिषासुराशी लढताना देवीला झालेल्या जखमांवर देवांनी लोणी लावले, अशी कथा. लोणी, किंवा देशी तूप, थंड पाण्यात शंभरवर वेळा धुतात. धुता धुता त्याचा वास आणि चिकटपणा जाऊन ते पांढरेशुभ्र, मलमासारखे होते. आपल्याकडे शतधौत घृत म्हणतात तेच हे. पिंडीवर त्याचा थर देऊन फुलाफळांनी सजवतात. तो आठवडाभर राहतो आणि मग प्रसाद म्हणून वाटतात. लोक तो त्वचेच्या तक्रारींवर लावतात; खायचा नसतो. बैजनाथलाही त्याच दिवशी शिवलिंगावर असा लेप चढतो. जानेवारीच्या थंडीमुळेच तो टिकतो, मे महिन्यात वितळून गेला असता.

१४. मसरूर म्हणजे ‘हिमालयातलं वेरूळ’ म्हणतात. तेवढं भारी आहे का?

वेरूळचे कैलास मनात ठेवून गेलात तर निराश व्हाल. तुलना फक्त पद्धतीपुरती खरी: दोन्हीकडे उभ्या खडकातून मंदिर कोरून काढले आहे, आणि काळही साधारण आठव्या शतकाचा. पण कैलास काळ्या बेसॉल्टमध्ये वरून खाली खोदत नेले, मसरूर हे मऊ वालुकाश्माच्या एका कण्यावर कोरलेला शिखरांचा पुंजका आहे. वालुकाश्म पावसाने झिजतो, त्यात १९०५ च्या धक्क्याने मोठे तुकडे ढासळले. काही भाग तर मुळातच अपुरा सोडलेला दिसतो.

आत आज राम, लक्ष्मण आणि सीता आहेत, म्हणून त्याला ठाकुरद्वारा म्हणतात. पण गाभाऱ्याच्या दाराच्या पट्टीवर मधोमध शिव कोरला आहे, म्हणजे मूळ देव वेगळा असावा. मंदिराचे तोंड ईशान्येला. सकाळी या, तेव्हा समोरच्या तळ्यात शिखरांचे प्रतिबिंब पडते आणि मागे वळलात तर धौलाधार. कांगड्याहून जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा. तिथे खाण्याची फारशी सोय नसते.

१५. पाण्यात बुडणारं देऊळ आणि कांगडा किल्ला, यांतलं एकच जमत असेल तर?

किल्ला. बाणगंगा आणि मांझी यांच्या संगमावर, कटोच राजांचा. जहांगीराने १६२० मध्ये घेतला, राजा संसारचंदाने १७८६ मध्ये परत मिळवला, १८०९ मध्ये रणजितसिंगांकडे आणि १८४६ मध्ये इंग्रजांकडे गेला. मग भूकंपाने पाडला. एकामागून एक दरवाजे चढत जाताना तटाखालची दरी डोळे फिरवते. दोन तास आणि पाण्याची बाटली पुरते.

बुडणारी मंदिरे म्हणजे ‘बाथू की लडी’, पोंग धरणाच्या जलाशयात. १९७४ च्या सुमारास धरण भरल्यापासून ती वर्षाचे बहुतेक महिने पाण्यात असतात आणि पाणी ओसरले की, साधारण एप्रिल ते जून, पायी जाता येते. ऑक्टोबरात गेलात तर फक्त शिखराचे टोक. त्याच पाण्याखाली अनेक गावे गेली आणि तिथल्या लोकांना राजस्थानात जमिनी देऊ केल्या गेल्या. तो प्रश्न पिढ्या उलटूनही पुरता मिटलेला नाही, तेव्हा नावाड्यापाशी ‘काय सुंदर तलाव’ जरा जपून म्हणा. हिवाळ्यात इथे पट्टकादंब हंस हजारोंनी उतरतात. उजनी-जायकवाडीवर दिसतो तोच पक्षी.

१६. ओढ्यात उतरलं तर चालतं का? आणि ट्रिउंडचा ट्रेक?

इथल्या ओढ्याला ‘खड्ड’ म्हणतात: न्यूगल खड्ड, बिनवा, गज. उन्हाळ्यात घोटाभर पाणी आणि गोल गुळगुळीत धोंडे, मोह होणारच. पण तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर धौलाधारमध्ये पाऊस कोसळत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या आल्या किंवा आवाज बदलला, की सामान तिथेच टाकून काठ चढायचे. जुलै २०२१ मध्ये मॅक्लिओडगंजजवळच्या भागसूनागला अशाच लोंढ्याने रस्त्यावरच्या मोटारी वाहून नेल्या.

ट्रिउंड सुमारे २,८५० मीटरवर आहे. गल्लू देवीच्या देवळापासून चढले तर तीन-चार तास. शेवटचा नागमोडी टप्पा दमवतो. पावसाळ्यात आणि बर्फ पडल्यावर प्रशासन वाट बंद करते, तेव्हा ‘स्थानिक गाइड नेतो म्हणाला’ या भरवशावर जाऊ नका. वर पाणी महाग मिळते. माणशी दोन लिटर खालूनच घ्या. बीडजवळच्या बिलिंगचे पॅराग्लायडिंगही १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंद असते.

१७. गद्दी म्हणजे धनगरच का?

काम पाहिले तर जवळचे, पण जात म्हणून तसे नाही. गद्दी हा समाज आहे आणि त्यात ब्राह्मण, राजपूत, सिप्पी, हाली अशा पोटजाती आहेत. मूळ घर धौलाधारपलीकडे, चंबा जिल्ह्यातले भरमौर. मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन कांगड्याच्या खालच्या रानात असतात आणि वसंतात वर निघतात. मग चार हजार मीटरवरच्या खिंडी ओलांडून पलीकडे, काही थेट लाहौलपर्यंत. अंगात लोकरीचा चोळा आणि कमरेला गुंडाळलेला काळा ‘डोरा’, हा कित्येक मीटर लांबीचा लोकरीचा दोर. तो नुसता पोशाख नाही. ओझे बांधायला आणि कडा उतरायलाही चालतो.

आज बरेच गद्दी नोकरी, टॅक्सी, हॉटेल यांत आहेत. तुमचा चालक गद्दी असू शकतो, त्याला ‘मेंढ्या कुठे?’ विचारू नका. घरात शिवाचा ‘नुआळा’, म्हणजे रात्रभराची गाणी, असेल आणि बोलावणे आले तर जरूर जा.

रस्त्यात कळप आला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. हॉर्नने मेंढ्या पांगतात आणि दरीच्या बाजूला पळतात. कुत्र्यांच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा बिबट्यापासून बचावासाठी असतो. ते लाडाचे कुत्रे नव्हेत.

१८. शेतातून वाहणारे ते छोटे पाट कोणाचे?

‘कुहल’. खड्डात धोंडे-फांद्यांचा कच्चा बांध घालून पाणी वळवतात आणि निव्वळ उतारावर ते मैलोन्‌मैल शेतापर्यंत नेतात. आपल्या खानदेशातल्या फडबागायतीची आठवण यावी अशी व्यवस्था. पाळ्या लावणारा, दुरुस्तीला माणसे बोलावणारा तो ‘कोहली’. पुरात बांध दरवर्षी वाहून जातो, आणि तो जावा असाच बांधलेला असतो. पक्का बांध धोंड्यांच्या माऱ्यात फुटला तर दुरुस्ती गावाच्या हाताबाहेर जाते. पालमपूरकडची किरपालचंद कुहल राजाच्या नावाने ओळखली जाते. वाटेत पाटावर फिरणारे ‘घराट’, म्हणजे पाणचक्की, दिसली तर दळण बघा. पाटातला एकही दगड हलवू नका, खाली कोणाची तरी पाळी चालू असते.

१९. धाम कुठे खायला मिळते?

धाम म्हणजे इथली पंगतीची मेजवानी. खरी धाम लग्नात किंवा देवकार्यात. हॉटेलातली थाळी ही तिची नक्कल आहे, चालेलसे समाधान देते. स्वयंपाक ‘बोटी’, म्हणजे आचारी, करतात. जमिनीत खणलेल्या चरावर लाकडाचा जाळ आणि त्यावर अरुंद तोंडाची पितळी भांडी. कांदा-लसूण नाही. जमिनीवर पंगत, पुढ्यात पत्रावळ.

मराठी माणूस इथे पहिल्याच वाढणीला चुकतो. भात एकदा येतो आणि त्यावर एकेक पदार्थ क्रमाने: दह्यातला मद्रा, उडदाची डाळ, आंबट खट्टा, शेवटी गोड भात. पहिल्या मद्र्यावरच पोट भरले तर पुढचे सगळे हुकते. पंगत उठेपर्यंत एकट्याने उठू नये, हे आपल्यासारखेच.

मद्रा घरी करताना दही फुटते, ही कायमची तक्रार. दही फ्रीजमधून काढून लगेच गरम तुपात घातले की फुटणारच. ते आधी साध्या तापमानाला आणा, घुसळून घ्या, आच अगदी मंद ठेवा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळणे थांबवू नका. मीठ शेवटी घाला.

२०. कांगडा चहा दुधात उकळला तर पाणचट लागतो. फसवणूक झाली का?

नाही, पद्धत चुकली. इथली झुडपे चिनी जातीची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लावलेली. आसामच्या चहाचा कडक रंग तिच्यात नाही. कपाला एक चमचा पत्ती घ्या, उकळी बसलेले पाणी ओता आणि तीन मिनिटे झाकून ठेवा. दूध नको. पाकिटावर भौगोलिक मानांकनाचा उल्लेख बघा, ते २००५ मध्ये मिळाले आहे. आले-वेलदोड्याचा चहा हवा असेल तर नेहमीचीच पत्ती घ्या, कांगड्याची वाया घालवू नका.

२१. पालमपुरात पुतळे आहेत ते कोणाचे? आणि लोकांशी कोणत्या भाषेत बोलायचं?

मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र विजेते, जवळच्या डाढ गावचे. आणि कारगिलचे कॅप्टन विक्रम बत्रा, पालमपूरचेच. या खोऱ्यात घरटी कोणी ना कोणी फौजेत असतो. मराठी धागाही आहे: परमवीरचक्राचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचे, आणि सोमनाथ शर्मा हे त्यांच्या मुलीचे दीर.

हिंदी सगळीकडे चालते. आपसांत लोक कांगडी बोलतात. तिच्यात मोठ्यांना ‘तुसां’ म्हणतात. वयस्कांना ‘माताजी’, ‘पंडितजी’ आणि निवृत्त सैनिकाला ‘फौजी साब’ म्हटले की पत्ता विचारायला गेलेल्याला चहाही मिळतो.